ओठ ग्रहणानं फाटत नाही. उपचार मात्र लांबणीवर पडतात

मंडळी, गावात ओठ फाटलेलं बाळ जन्मलं की पहिला सवाल डॉक्टरला होत नाही, सुनेला होतो. "ग्रहणात विळी धरली होतीस का?" बाईनं भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ चिरला, असा हा हिशेब. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत बाळ मोजतं.

बाळाचा चेहरा एकसंध घडत नाही. दोन्ही बाजूंनी आणि कपाळाकडून छोटे उंचवटे वाढत येतात आणि मधे जुळतात. दोन्ही काठांकडून बांध घालत यावं आणि मधली खिंड बुजवावी, तसंच हे. वरचा ओठ गर्भाच्या साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो. टाळू, म्हणजे डोक्यावरची नव्हे तर तोंडाचं छत, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत. खिंड राहिली की ओठ किंवा टाळू दुभंगते. आता तुम्हीच सांगा, सातव्या महिन्यातल्या ग्रहणानं कधीच जुळून गेलेला ओठ कसा फाटेल? जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला हे व्यंग असतं, मग ग्रहण असो वा नसो.

काही घरांत हे आनुवंशिक असतं. आईचं धूम्रपान, फिट्सवरची काही औषधं यांनीही धोका वाढतो. (औषध मनानं बंद करू नका, दिवस राहण्याआधीच डॉक्टरला विचारा.) पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. तेव्हा दोष कुणाला देता?

खरी अडचण पहिल्याच दिवशी उभी राहते. टाळू दुभंगलेल्या बाळाला नीट ओढता येत नाही, दूध नाकातून येतं. बाळ दमतं, उपाशी राहतं. अशा वेळी आईचं दूध काढून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, बाळाला उभट धरून, थोडं थोडं पाजायचं. मधेमधे ढेकर काढायचा. वजन वरचेवर करायचं, कारण अशक्त बाळाची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते, टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान. "मोठं झाल्यावर बघू" म्हणाल तर मूल नाकात बोलायला लागतं आणि ती सवय मोडणं जड जातं. शाळेत चिडवतात, मूल घरी बसतं. उशीर झालेला असला तरी शस्त्रक्रिया होते, पण वेळेची गोष्ट वेगळी. त्यानंतरही बोलण्याचा सराव, कानांची तपासणी, दातांचे उपचार सुरू ठेवावे लागतात.

पैशाचं काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. दुभंगलेला ओठ आणि टाळू त्याच्या यादीत आहेत, उपचार मोफत आहेत. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. पण मेख इथंच आहे. पथक सहा महिन्यांनी येणार आणि बाळाला दूध आजच हवं. ही खिंड गावानंच बुजवायची आहे.

म्हणून आशाताई, पहिल्याच गृहभेटीत बॅटरी लावून बाळाच्या तोंडात बघा; ओठ चांगला असला तरी टाळू दुभंगलेली असू शकते. अंगणवाडीताई, वजनाची नोंद चुकवू नका. सरपंच, ग्रामसेवक, असं बाळ जन्मल्याचं कळताच प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा आणि जिल्हा रुग्णालयात न्यायला गाडीची सोय बघा.

येत्या २ ऑगस्ट २०२७ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्या दिवशी गरोदर लेकी-सुनांना उपाशी ठेवू नका. आणि ओठ फाटलेलं बाळ घरात आलंच, तर आईला बोल लावण्यात दिवस घालवू नका. त्या दिवसांत त्याचं वजन वाढायला हवं.