टिप द्या, पण मनाने!

रामदासपेठेतल्या पॉश हॉटेलात पार्टी ठरली की ग्रुपवर पहिला प्रश्न, 'चप्पल चालेल ना?' ड्रेसकोडचा धाक जुनाच. १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने अनवाणी आलेल्या एम. एफ. हुसेन यांनाही प्रवेश नाकारला होता. असा नियम पटला नाही तर दुसरीकडे जाता येतं. पण जेवण झाल्यावर बिलात गुपचूप आलेल्या सर्व्हिस चार्जचं काय? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांनुसार तो परस्पर लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या कायम ठेवल्या. म्हणून लाजू नका, चार्ज काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ वर तक्रार करा. आणि सर्व्हिस आवडली असेल, तर वाचलेल्या पैशांतून टिप थेट वेटरदादाच्या हातात द्या. दिवसभर उभं राहून ताटं तोच उचलतो ना!