लेकरे मोजणारी बाई

वसुबारसेला आमच्या बुलढाण्याकडे गाय-वासराची पूजा होते. लेकुरवाळ्या बाया त्या दिवशी उपास धरतात, गहू आणि दूध वर्ज्य करतात आणि मागणे एकच मागतात : लेकरूबाळ सुखी राहो. सण मोठा गोड खरा. पण ज्या लेकरासाठी हे मागणे, त्याची विचारपूस उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत कोण करतो, असे कुणी विचारले की फराळाला बसलेली मंडळी त्याच्याकडे जरा रागानेच पाहतात. दिवाळीत हा कसला विषय काढलास, असा त्यांचा चेहरा होतो. वाचकहो, मला वाटते, चकलीचा तुकडा मोडता मोडता हा विषय काढायला काहीच हरकत नाही.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाला सातपुडा आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतली शेवटची गावे डोंगराला टेकलेली, त्यापलीकडे मेळघाट. तिथल्या एका वस्तीवर गेल्या पावसाळ्यात मी एका आशाताईंबरोबर हिंडलो. ‘आशा’ म्हणजे २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात नेमलेली, त्याच गावात राहणारी आरोग्य स्वयंसेविका. खांद्याला पिशवी, पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि वही. मी विचारले, “ताई, तान्हे लेकरू आजारी आहे हे तुम्ही ओळखता कसे?” बाई म्हणाल्या, “काका, लेकरू रडलं तं साऱ्या आळीले ऐकू येते. रडनं बारीक झालं, दूध ओढनं कमी झालं, तं मले भेव वाटते.”

हे शहाणपण त्यांना शिकवले गेले ते प्रशिक्षणात. आणि प्रशिक्षणात ते आले कुठून, म्हणाल तर विदर्भाच्या अगदी दुसऱ्या टोकाहून, गडचिरोलीहून.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या जोडप्याने १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. तिथे १९८८ च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १२१ मुले वर्षाच्या आत दगावत होती. निमोनिया हे त्यातले एक मोठे कारण. मूल मिनिटाला किती श्वास घेते हे मोजले तर निमोनिया ओळखता येतो. पण गावच्या सुईणीला साठापर्यंत मोजता कुठे येते? तेव्हा तिच्यासाठी मण्यांची एक चौकट आणि वाळूचे घड्याळ केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याआधी तांबडा मणी आला की निमोनिया समजायचा. निरक्षर म्हणून ज्या बाईला कुणी मोजत नव्हते, ती आता मोजू लागली!

पुढे १९९५ पासून ३९ गावांत गावचीच एकेक बाई निवडली. शिक्षण पाचवी ते दहावी. तिला बाळ तोलायला, ताप पाहायला, श्वास मोजायला आणि दिसेल ते लिहून ठेवायला शिकवले. डॉक्टर दर पंधरवड्याला येऊन तिच्या नोंदी पडताळून पाहत. पहिल्याच वर्षी ७६३ नवजात बाळांच्या नोंदी झाल्या. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली शेकडा अडीच जणांना! ही गोष्ट कुठल्याही इस्पितळाच्या दप्तरात सापडली नसती. जे बाळ इस्पितळात पोचलेच नाही, त्याची नोंद तिथे कशी असणार?

पुढे याच बायांनी घरोघरी उपचारही केले. १९९३ ते १९९५ या काळात त्या गावांत दर हजारी ६२ बाळे पहिल्या महिन्यात जात. १९९७-९८ साली हा आकडा साडेपंचविसावर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आले, आणि २०११ साली सरकारने घरच्या घरी बाळाची देखभाल हा कार्यक्रम देशभर आशांकडे सोपवला. क्षीण रडणे, दूध कमी ओढणे या खुणांचे मोलही त्या बायांच्याच नोंदींनी सिद्ध केले.

गावचीच माणसे कशाला, असे कुणी विचारील. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन या तिघांचा एक ग्रंथ काढला. त्याचे सार असे, की कुपोषण आणि जंतुसंसर्ग ही एकमेकांचे हात धरून येतात. हगवण लागली की लेकरू जेवत नाही, खाल्लेले अंगी लागत नाही. वजन उतरले की दुसरा आजार घर शोधीत येतो. हे चक्र दिवसांदिवसांनी फिरते. वर्षातून एकदा मोटारीने येणाऱ्या पाहुण्याला ते दिसणार नाही. भिंतीपलीकडच्या शेजारणीलाच ते दिसेल.

मात्र माझी तक्रार इथेच आहे. आपण तिला मोजायला शिकवले. त्या मोजण्याचा अर्थ लावायला शिकवले नाही. मी ताईंना म्हटले, “वहीतल्या आकड्यांचे पुढे काय होते?” त्या हसल्या. “वर जातात, काका. वर गेलेलं खाली आलेलं मी तं नाही पाह्यलं.” गडचिरोलीत आकडे गावाच्या कामी आले, म्हणूनच बाळे वाचली. नुसत्या रकाने भरण्याला संशोधन म्हणत नाहीत. कोणत्या महिन्यात वजने उतरतात, कोणत्या विहिरीचे पाणी पिणारी लेकरे आजारी पडतात, हा प्रश्न ज्या दिवशी ती स्वतः विचारील आणि आपल्याच वहीतून त्याचे उत्तर काढील, त्या दिवशी ती संशोधक झाली.

सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात. तिथे जन्मलेल्या जिजाऊंच्या नावाने राज्याने २००५ साली माता-बाल आरोग्य आणि पोषणाचे मिशन काढले. नाव तर मोठे दिले. आता प्रत्येक ग्रामसभेत आशाताईंनी वर्षाचा हिशेब वाचून दाखवावा : किती जन्मली, किती गेली, का गेली. सरपंचांनी तो उभे राहून ऐकावा. भाऊबीजेची याहून चांगली ओवाळणी तिला कोणती घालणार?