सल्ल्याची किंमत कोणी मोजायची?

ऊन तापू लागले की मोबाइलवर ठरलेला संदेश येतो. दुपारी 12 ते 3 उन्हात जाणे टाळा, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. सल्ला बिनचूक आहे, पण तो पाळण्याची ऐपत सर्वांची नाही. नागपूरच्या ठिय्यावर सकाळपासून कामाची वाट पाहणाऱ्या मजुराने हे तीन तास टाळायचे, तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. मुकादम खाडा मांडतो तेव्हा हवामान खात्याचा इशारा दाखवून भागत नाही. स्लॅबवर घमेली वाहणारी बाई तहान मारत दिवस काढते, कारण दहा मजली इमारत उभी राहत असली तरी तिच्यासाठी खाली आडोशाची मोरीसुद्धा नसते.

एवढे असूनही ‘लोकांत जागृती नाही’ असा शेरा मारून यंत्रणा मोकळी होते आणि नवे फलक छापले जातात. हे दुखणे जुने आहे. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा, ऑक्टोबर 1896 मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. प्लेगची भीती त्यांनाही होती. माणूस घरातून ओढून नेणाऱ्या सरकारची भीती त्याहून मोठी होती.

याच शहराने 2020 मध्ये, करोनाच्या साथीत, वेगळा धडाही दिला. ‘अंतर राखा’ हे धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत जमणारे नव्हते. महापालिकेने दारोदार तपासणी केली, सार्वजनिक शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण केले, शाळा आणि क्रीडा संकुलात विलगीकरणासोबत जेवणही दिले. सोय आधी झाली, म्हणून सांगणे पटले. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा दाखला दिला.

उन्हाच्या बाबतीत हे अवघड नाही. बांधकामावर पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह देण्याचे बंधन कायद्याने 1996 मध्येच मालकावर घातले. कामगार कल्याणासाठी बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकरही घेतला जातो. तपासणी अधिकाऱ्याने एप्रिल-मेमध्ये दुपारी कामावर जाऊन नळ आणि शौचालय पाहावे. कामाच्या वेळा पहाटे आणि संध्याकाळी वळवाव्यात, आणि तीव्र उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी बुडालेल्या तासांची मजुरी कल्याण निधीतून द्यावी. पुढच्या उष्णता कृती आराखड्यात प्रसिद्धीच्या खर्चाआधी या भरपाईची तरतूद दिसली पाहिजे.