नळी आधी मोजण्यासाठी, मग जाळण्यासाठी

फुप्फुसातला रक्तदाब वाढला की माणूस दोन जिने चढेनासा होतो, पायांवर सूज येते, आणि दंडावरचा बीपी मात्र नॉर्मल निघू शकतो. या आजारावर आता एक नवा उपाय बोलला जातो. मांडीच्या शिरेतून नळी घालायची, ती हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाची धमनी जिथे दुभागते तिथपर्यंत न्यायची आणि धमनीला वेढणारे मज्जातंतू उष्णतेने निकामी करायचे. हे तंतू धमन्या आवळत राहतात, ते शांत झाले की दाब उतरावा, अशी त्यामागची धारणा.

याला सरळ थोतांड म्हणणारे मूत्रपिंडाचा दाखला देतात. दंडावरचा बीपी उतरवण्यासाठी अमेरिकेत ५३५ रुग्णांवर मूत्रपिंडाचे मज्जातंतू जाळण्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. खऱ्या उपचाराने रक्तदाब सुमारे १४ अंकांनी उतरला, नुसत्या लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेने सुमारे १२. दाखला खरा आहे, पण अर्धा. त्या अपयशानंतर यंत्रे आणि चाचण्या सुधारल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा दोन यंत्रांना मंजुरी दिली. फुप्फुसाच्या बाबतीत चीनमधल्या नानजिंगच्या डॉ. चेन शाओलियांग यांचा २०१३ चा पहिला अहवाल अवघ्या २१ रुग्णांचा होता. त्यावर विसंबणे चूकच ठरले असते. पण २०२२ मध्ये १२८ रुग्णांची लुटुपुटीच्या गटासह चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना गोळ्या होत्या. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत चालण्याचे अंतर खऱ्या उपचाराने सरासरी ६१ मीटरने वाढले, दुसऱ्या गटात १८ मीटरने. याला थोतांड म्हणता येत नाही.

मग सगळ्यांनाच हा उपचार द्यावा, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण अधिक मोठे आहे. या आजाराचे पाच गट आहेत, आणि ते १२८ रुग्ण पहिल्या गटातले, म्हणजे खुद्द फुप्फुसाच्या धमन्यांच्याच विकाराचे होते. लहानपणी सांधेताप होऊन हृदयाची झडप आकसलेल्या बाईच्या फुप्फुसातही दाब वाढतो. तिची झडप फुग्याने उघडली की तो बहुतेकदा उतरतो. तिचे तंतू जाळून झडप तशीच ठेवणे हा उपचार नव्हे, अन्याय आहे. चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्याचा दाब वेगळा, रक्ताच्या जुन्या गुठळ्यांनी धमनी बुजलेल्याचा वेगळा. गुठळ्यांवर तर शस्त्रक्रिया आहे. टू-डी इकोने दाबाचा अंदाज येतो. पक्का आकडा हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालूनच मिळतो. सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर गेला तर आजार. पहिली नळी ही, मोजणारी.

‘पांढुर्णा-सौंसरला या चर्चेचे काय?’ हा प्रश्न मला मान्य नाही. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या या दोन तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी गंभीर रुग्ण घेऊन गाडी नागपूरलाच धावते. भाषा एक, दवाखाना एक, पण राज्याची सीमा मधे. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना मध्य प्रदेशच्या कुटुंबाला लागू नाही. आयुष्मान कार्ड मात्र राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही चालते. ते घेऊनच निघावे. आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात इको करणारा माणूस, सांधेतापाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, एवढे आजच हवे. त्यासाठी कुठल्या नव्या संशोधनाची वाट पाहायची नाही.

तंतू जाळण्याचा उपचार भारतात यावा, तो नोंदणीकृत चाचणीतून यावा. पहिल्या गटातल्याच रुग्णांवर, औषधे न थांबवता, आणि प्रयोगाचा खर्च रुग्णाच्या माथी न मारता. त्या चाचणीत सीमेपलीकडचा रुग्ण दूरचा म्हणून वगळला जाऊ नये. सहा मिनिटांच्या चालण्याला मोठे यंत्र लागत नाही. तीस मीटरचा सपाट व्हरांडा, घड्याळ, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि शिकवलेली नर्स असली की ती तपासणी पांढुर्ण्यातच होते, आणि आकडे नागपूरला कळवता येतात.