नळी तोंडात धरण्यापूर्वी

सुटी लागली की निगडीतील अनेक कुटुंबे मालवण-तारकर्लीची वाट धरतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात स्नॉर्केलिंग हे तिथले मोठे आकर्षण. ‘लाइफ जॅकेट आहे, पोहता येत नसले तरी चालते,’ असे सर्रास सांगितले जाते. जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, हे खरे. पण तोंड पाण्यात असताना ते श्वास सांभाळत नाही.

पाण्यात गळ्यापर्यंत उतरताच त्याच्या दाबाने पाय व पोटातील सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकते. हृदयावरील भार वाढतो. नळीत उरलेली उच्छ्वासाची हवा पुन्हा आत येते. घाबरून उथळ, भरभर श्वास घेतल्यास ताजी हवा आणखी कमी मिळते. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांना हा ताण झेपेलच असे नाही. शिवाय पालथा तरंगणारा माणूस मासे पाहतो आहे की बेशुद्ध झाला आहे, हे वरून चटकन कळत नाही.

म्हणून असे आजार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मद्यपान करून पाण्यात उतरू नये. आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव करावा. सोबत्याने नजर हटवू नये. धाप लागताच पाठीवर वळून नळी काढावी आणि हात वर करावा. पैसे भरले म्हणून थांबू नये. प्रकृतीची चौकशी आणि थोडा सराव हा तिकिटाचाच भाग आहे, असे बोटचालकांनीही मानायला हवे.