बुडबुडा म्हणजे खोट नव्हे!

पोलंडची जुनी, फुंकून घडवलेली काचेची फुलदाणी मोबाइलवर दिसली की तुम्ही ‘लय भारी!’ म्हणता. म्हणा की! पण नुसत्या ‘व्हिंटेज’ शब्दावर पैसे टाकू नका. आधी तळ बघा. दांडीवरून काच तोडल्याचा व्रण, आत एखादा बुडबुडा, ही खोट नव्हे, हाताची खूण. सोलापूरकरांना हे सांगायला हवं? आपल्या चादरीच्या नावावर बाहेरचा माल खपतोच ना!

काचही आपल्याला परकी नाही. लोकांकडून एकेक पैसा जमवून १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. आज मात्र आपण विणकराशी घासाघीस करतो. परदेशी हाताला दाद देता, तशीच घरच्या हातालाही द्या. नुसती लाइक नको, दामही द्या!