जंगलात फुकट पडलेला पाइन कोन विकायचा हक्क कुणाचा?

नाताळ जवळ आला की इन्स्टाग्रामवर पाइन कोनच्या रील्सचा पूर येतो. कुणी त्यांना सोनेरी रंग देतं, कुणी दारावरच्या हारात गुंफतं. सजावटीच्या दुकानांत आणि ऑनलाइनही या शंकूंची पाकिटं मिळतात. उत्तराखंड आणि हिमाचलमध्ये मात्र चीडच्या झाडाखाली त्यांचा नुसता खच पडलेला असतो.

मग गोणी भरून आणावी आणि विकावी, इतकं हे सोपं आहे का? तर नाही.

भारतीय वन अधिनियम 1927 नुसार झाडाची पानं, फुलं, फळं, किंबहुना झाडाचा कुठलाही भाग जंगलातून आणला की तो ‘वनोपज’ ठरतो. गळून पडलेला शंकूही त्यात आला. राखीव जंगलातून तो परवानगीशिवाय नेणं हा गुन्हा आहे. पर्यटकाने आठवण म्हणून एखादा खिशात टाकला तर सहसा कुणी अडवत नाही. टेम्पो भरून निघाला की तपासणी नाक्यावर वाहतूक परवाना दाखवावा लागतो.

गंमत म्हणजे, पडलेला शंकू उचलल्याने जंगलाचं फारसं बिघडत नाही. चीडचा शंकू पिकायला साधारण दोन वर्षं घेतो, उन्हाळ्यात उघडतो आणि त्यातलं पंखवालं बी वाऱ्यावर उडून जातं. नंतर खाली पडतं ते रिकामं कवच. देवदाराचा शंकू तर झाडावरच सुटा होतो आणि त्याचं गुलाबासारखं टोक खाली येतं. फुलांच्या सजावटीत त्यालाही मागणी असते.

नुकसान होतं ते बंद, हिरवा शंकू तोडल्यावर, कारण बीही सोबत जातं. किन्नौरमध्ये चिलगोज्याचं हेच झालंय. तिथे बी खाण्यासाठीच शंकू उतरवले जातात आणि नवी रोपं फार कमी उगवतात.

उलट चीडच्या जंगलात शंकू पडून राहणंच धोक्याचं. वणव्यात पेटलेला शंकू उतारावरून घरंगळत जातो आणि खाली नव्या जागी आग लावतो. 2024 च्या उन्हाळ्यात उत्तराखंडमध्ये मोठे वणवे लागले. त्याच मे महिन्यात मुख्यमंत्री पुष्करसिंह धामी यांनी ‘पिरुल लाओ-पैसे पाओ’ मोहीम सुरू करून किलोला 50 रुपये दर जाहीर केला. पिरुल म्हणजे चीडच्या वाळलेल्या सुया. म्हणजे जंगलातला कचरा गावकऱ्यांनी पैसे घेऊन उचलावा, हे सरकारलाही पटलेलं आहे.

शंकूच्या धंद्यात मात्र पैसा गावात फारसा थांबत नाही. एक कारण कुरिअरचं. शंकू हलका, पण जागा खाणारा. कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे 5000 ने भागतात. 40×30×30 चं खोकं आत कितीही हलकं असलं तरी 7.2 किलो धरलं जातं.

दुसरं कारण किडीचं. 2003-04 च्या हिवाळ्यात अमेरिकेत भारतातून आलेले सुगंधी पाइन कोन बाजारातून परत मागवावे लागले, कारण त्यांत जिवंत भुंगे सापडले होते. म्हणून शंकू भट्टीत किंवा ओव्हनमध्ये तापवावे लागतात. ती सोय डोंगरातल्या वेचणाऱ्या बाईकडे कुठून असणार?

आणि तिसरं, सगळ्यात मोठं कारण कागदाचं. वनहक्क कायदा 2006 पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना गौण वनोपजाची मालकी आणि ते विकायचा हक्क देतो. 2012 च्या नियमांनुसार वाहतूक परवानाही ग्रामसभेची समितीच देऊ शकते. पण आधी तो हक्क मान्य व्हायला हवा. उत्तराखंडमध्ये 11 हजारांहून अधिक वनपंचायती आहेत, तरी या कायद्याखाली हक्क फारच थोड्या ठिकाणी मान्य झालेत.

कागदाने किती फरक पडतो, हे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला विचारा. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गावाने आपला बांबू स्वतः विकला.